पत्ता नंबर तीन

‘नादुरुस्त’ हा शब्द मला वर्गात शिकवायला फार आवडतो. ‘दुरुस्त’ फारसीतून आलेला, त्याच्यापुढं लागलेला ‘ना’सुद्धा फारसीच. तरी तो एसटी स्टँडच्या पंख्यावर, ग्रामपंचायतीच्या हातपंपावर इतका मराठी होऊन बसलाय की त्याला कुणी मूळ गाव विचारत नाही. कारखाना, कारागीर, हुन्नर ही त्याच वाटेनं आलेली मंडळी. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी परकी वाटू लागली की मी हे शब्द फळ्यावर लिहितो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, ये तो अपनेच है.”

शब्दाला घरात घेतलं, पण दुरुस्ती करणाऱ्या हाताला तेवढा मान दिला नाही. मोबाइलवर कुणा मुसलमानाला हिणवायचं असेल तर ‘पंक्चरवाला’ हा शब्द तयारच असतो. मला त्या शब्दाचा राग येत नाही, हसू येतं. ट्यूबमध्ये नेमकं भोक कुठं आहे हे शोधायला पाण्याची बादली लागते, धीर लागतो आणि एक पद्धत लागते. हिणवणाऱ्यांपैकी कितीजणांकडे ती पद्धत असेल?

तर आजचा विषय दुरुस्तीचाच, फक्त वस्तू अगदी छोटी आहे. वीतभर लांबीचं रेल्वे इंजिन. त्याच्या पोटात नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. ती बिघडली, किंवा बिघडली असं वाटलं, म्हणजे काय काय करावं लागतं हे मी गेल्या पावसाळ्यात एकलहऱ्यात रविवारमागून रविवार पाहिलं.

एकलहरे बाहेरच्यांना माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळं. १९७०-७१ मध्ये १४० मेगावॉटचे दोन संच आले, पुढं १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन. पहिले दोन कधीच बंद झाले. कोळसा रेल्वेनं येतो, त्यामुळं मालगाडी ही इथल्या पोरांना नवलाईची गोष्ट नाही. नाशिकरोडकडून येताना एकलहरा रोडवर रेल्वेचा कारखानाही लागतो, विजेच्या इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारी जिथं दुरुस्त होतात तो. आमचे शेजारी नाना तिथं वाइंडर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवर आगगाडी मांडली.

ही हौस आपल्याकडे दुर्मीळ, पण अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. शाळांच्या सहली तिथं जातात. नानांनी ते पाहिलं आणि परतल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे प्लाय आणला. त्यांचं इंजिन डब्ल्यूएजी-५ आहे, आपल्या इगतपुरी-भुसावळ मार्गावर कोळशाच्या, सिमेंटच्या गाड्या ओढणारं. वरचं अंग त्यांनी प्लास्टिकच्या शीटमधून स्वतः कापलं, खालचं यंत्र परदेशी. प्रमाण १:८७. या हिशेबानं आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचे रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतरावर हवेत, पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेला. नाना हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि पुढं म्हणतात, “एवढं चालवून घ्या.”

आता त्या डिकोडरकडे येतो. जुन्या पद्धतीच्या खेळण्यातल्या गाडीत रुळांना डीसी वीज देतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागं जाते. यात अडचण अशी की एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. एकाला थांबवून दुसऱ्याला चालवायचं तर रुळाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच लावा. डिजिटल पद्धतीत, तिला डीसीसी म्हणतात, रुळात सतत पूर्ण व्होल्टेज असतं आणि ते सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहतं. या उलटण्याच्या वेळेतच संदेश असतो. प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून जास्त असला तर ‘शून्य’. जर्मनीतल्या लेंझ कंपनीच्या कामातून ही पद्धत पुढं आली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं तिचं मानक ठरवलं. म्हणून एका कंपनीचा डिकोडर दुसरीच्या यंत्रावर चालतो.

शिक्षकाला हे समजायला अवघड नाही, कारण ही शुद्ध हजेरी आहे. मी वर्गात ‘नंबर सतरा’ म्हणालो की साठही मुलांच्या कानावर ते पडतं, उभा मात्र एकच राहतो. रुळातला प्रत्येक संदेश सगळ्या इंजिनांपर्यंत पोचतो. संदेशात आधी पत्ता, मग हुकूम, शेवटी पडताळणीचा एक आकडा. पडताळणी जुळली नाही तर डिकोडर तो संदेश टाकून देतो. काही बिघडत नाही, कारण तोच हुकूम परत परत येत राहतो. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक नव्या इंजिन-डिकोडरचा पत्ता ३ असतो. का तीन, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या शाळेत दरवर्षी नव्या प्रवेशाला आधी ‘नवीन’ एवढंच म्हणतात, तसं असावं.

इगतपुरीचं उदाहरण नानांचं. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी आणि पलीकडे भुसावळकडे २५ हजार व्होल्ट एसी, अशी दोन राज्यं इगतपुरीला मिळायची. वर्षानुवर्षं तिथं इंजिन बदलायला गाडी थांबायची आणि प्रवासी वडा खायचे. मग दोन्ही विजेवर चालणारी डब्ल्यूकॅम जातीची इंजिनं आली. पुढं डीसीच गेली, २०१६ साली हार्बर मार्गावर ती कायमची संपली. डिकोडरही तसा दुहेरी असतो. साध्या डीसी रुळावर ठेवला आणि तशी परवानगी त्याच्या आत लिहिलेली असली तर तिथंही चालतो. “आपला डब्ल्यूकॅम,” नाना डिकोडरला म्हणतात.

माझा यात संबंध आला तो भाषेमुळं. डिकोडरसोबत येणारं माहितीपत्रक इंग्रजी आणि जर्मन. नानांचं इंग्रजी कारखान्यापुरतं, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अलीकडे हात थरथरू लागला होता. सोल्डरिंगला हात स्थिर लागतो. मी माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा त्यांच्याकडे नेला. त्याच्या अब्बांचं नाशिकरोडला पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. गणितात त्याला नेहमी काठावरचे गुण. घरी ठरल्यातच जमा होतं, दहावी झाली की दुकान. सोल्डरिंग गन मात्र तो पेनापेक्षा सराईत धरतो.

पहिल्या दिवशी गंमत झाली. मराठीत ‘नाना’ म्हणजे कुणीही वडीलधारा, उर्दूत नाना म्हणजे आईचे वडील. मी “नानांकडे जायचंय” म्हणालो तेव्हा त्याला वाटलं माझे आजोबा. तो आत जाऊन अदबीनं सलाम करून बसला आणि दोन तास ‘नानाजान’ म्हणत राहिला. नानांनी दुरुस्ती केली नाही. आजही तेच चालू आहे.

कामाची सुरुवात डिकोडरपासून झालीच नाही. गाडी प्लायच्या लांबच्या टोकाला गेली की अडखळायची. मुलाला इंजिन उघडायची घाई. नानांनी एक रुपयाचं नाणं घेतलं आणि लांबच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं. मुलगा दचकला, कारण दुकानात शॉर्ट म्हणजे शिवी. पण इथं हीच परीक्षा आहे. नाणं टेकताच नियंत्रकानं वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर त्याचा अर्थ असा की मधल्या तारा आणि जोड इतका विरोध करतायत की पुरेसा करंट वाहतच नाही आणि यंत्राला शॉर्ट झाल्याचं कळतच नाही. अशा वेळी नाणं तापतं, रूळ तापतो आणि एखाद दिवशी डिकोडर जळतो. नानांच्या प्लायवर जवळच्या टोकाला वीज तुटली, लांबच्या टोकाला नाही. दोष इंजिनाचा नव्हताच.

रुळाचे तुकडे एकमेकांत अडकवायला पत्र्याच्या बारीक खोबण्या असतात. नाना त्यांना फिशप्लेट म्हणतात. सगळी वीज या फिशप्लेटांतून पुढं जाईल या भरवशावर राहायचं नाही. काळाच्या ओघात त्या सैल होतात, गंजतात. मग प्लायच्या खालून घराच्या वायरिंगची दीड एमएमची जाड तांब्याची तारजोडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून एकेक बारीक फांदी वर काढून सोल्डर केली. लाल तार कायम आतल्या रुळाला, काळी बाहेरच्या. दोन रविवार गेले. मग पुन्हा नाणं, चारी कोपऱ्यांत. चारी ठिकाणी टक्कन वीज तुटली.

इथं आमच्या गावचा एक खास दोषही सांगतो. राख. वीज केंद्राची बारीक राख वाऱ्यावर कुठंही पोचते, गच्चीवरच्या खोलीत तर हमखास. रूळ आणि चाकाच्या मधे ती बसली की क्षणभर संपर्क तुटतो. साधी डीसी गाडी नुसता झटका खाऊन पुढं जाते, डिकोडर मात्र मध्येच बंद पडून नव्यानं सुरू होतो, दिवा लुकलुकतो, गाडी जागीच थांबते. उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती कापडाचा बोळा. रुळासोबत चाकंही पुसायची, हे बरेचजण विसरतात. सँडपेपर लावायचा नाही, त्यानं पडलेल्या चऱ्यांत राख आणखी पक्की बसते.

आता मुख्य आजार. नानांनी आधी एक डिकोडर जाळला होता, हे त्यांनीच मोकळेपणानं सांगितलं. जुन्या बनावटीच्या इंजिनात मोटारीचं एक टोक थेट धातूच्या सांगाड्याला लागलेलं असतं आणि सांगाडा एका रुळाला. डिकोडरला हे अजिबात चालत नाही. लाल आणि काळी तार रुळाकडून वीज घेते, नारिंगी आणि करडी फक्त मोटारीला देते, आणि या दोन जोड्यांची आपसांत कुठंही भेट होता कामा नये. भेट झाली की रुळाची सगळी ताकद डिकोडरच्या मोटार-बाजूत उलटी घुसते आणि एक विशिष्ट वास येतो.

मुलानं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. “मतलब मोटर बॉडी नहीं होना!” पंपाच्या मोटारीची वाइंडिंग बॉडीला लागली की मोटार ‘बॉडी झाली’ म्हणतात. हे त्याला पाचवीपासून माहीत होतं. पुढच्या रविवारी तो दुकानातला मेगर घेऊन आला. नानांनी तो जिन्यातच ठेवायला लावला. मेगर ५०० व्होल्ट सोडतो. पंपाला ते योग्य, इथं डिकोडर जोडलेला असेल तर पुरता राम म्हणेल. साधा मल्टिमीटर घ्यायचा, ओहमवर ठेवायचा, डिकोडर जोडण्याआधी मोटारीच्या प्रत्येक टोकापासून प्रत्येक बाजूच्या चाकापर्यंत मोजायचं. चार मोजमापं, चारी वेळा मीटरनं ‘काही नाही’ दाखवलं पाहिजे.

मोटार सुटी केली, प्लास्टिकचा तुकडा घालून बसवली, नवा डिकोडर जोडला. वायरिंगचं चित्र मुलानं स्वतःच्या वहीत काढून घेतलं होतं आणि ते उर्दूच्या सवयीनं उजवीकडून डावीकडे. मोटारीच्या दोन टोकांपैकी ‘पहिलं’ कोणतं, याचं उत्तर नानांच्या कागदावर एक आणि त्याच्या वहीत दुसरं. नारिंगी आणि करडी तार अदलाबदल झाली. इंजिन चाललं, पण पुढं म्हटलं की मागं.

नानांनी इंजिनाला लांब पत्ता दिला होता, ३४१७. खऱ्या इंजिनाचा क्रमांक २३४१७, पण पाच आकडी पत्ता बसत नाही म्हणून शेवटचे चार. उलट चालणाऱ्या इंजिनावर त्यांनी माहितीपत्रकातला उपाय केला. डिकोडरच्या आत क्रमांक दिलेले कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. २९ नंबरच्या कप्प्यात नेहमी ६ असतात, दिशा उलटवायची तर ७ लिहा, असं तक्त्यात दिसत होतं. त्यांनी ७ लिहिले, वरचं प्लास्टिकचं अंग चढवलं, स्क्रू आवळले आणि रुळावर ठेवलं. ३४१७ला हाक मारली. ढिम्म. म्हणून मूळच्या ३ला हाक मारली. तेही ढिम्म. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर नेऊन वाचायचा प्रयत्न केला, तर डिकोडर सापडत नाही असा निरोप.

नाना त्या दिवशी फार गप्प होते. काही हजारांचा ऐवज, परदेशातून मागवलेला, आणि हा दुसरा. मुलगी त्यांना कधीची पुण्याला बोलावतेय. “सर, हा गेला असेल तर मी सामान विकून टाकतो,” ते म्हणाले. “हात चालत नाही, डोळा चालत नाही. प्लाय कुणाला तरी खाटेखाली होईल.” मुलगा वही बंद करून बसला. आपल्या चित्रामुळं झालं, असं त्याला वाटत होतं, आणि ते तो कुणाला बोलणार नव्हता.

त्याच आठवड्यात मी त्याच्या दुकानावर गेलो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा विचार करा, हे सांगायला. अब्बांनी चहा मागवला, ऐकून घेतलं, मग म्हणाले, “सर, डिप्लोमा करके भी आखिर वाइंडिंगच करेगा ना?” माझ्याकडे याचं चटकन देता येईल असं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, रविवारी मुलगा काय करतो ते एकदा बघायला या. ते आले. खेळण्याची गाडी पाहून थोडे हसले. मग इंजिन उघडं केलेलं हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आत बघून लगेच म्हणाले, “ये जोड थंडा है.” काळ्या तारेचा जोड. वरून चमक नव्हती, राखाडी दाणेदार दिसत होता. गन पुरती तापायच्या आत सोल्डर लावलं की असं होतं. जोड चिकटल्यासारखा दिसतो, चिकटलेला नसतो. अंग चढवताना तार दबली आणि जोड सुटला. मीटर लावला तर एका बाजूच्या चाकापासून डिकोडरपर्यंत रस्ताच नाही. त्यांनी तीस सेकंदांत नवा जोड दिला. मुलाकडे पाहिलं नाही, फक्त गनचं टोक फडक्यावर पुसून परत ठेवलं.

सगळे सरसावून बसले. ३४१७. ढिम्म.

बिघाड शोधण्यातली सगळ्यात छळणारी जागा हीच, असं माझं आता मत झालंय. एक दोष असला तर तो कधी ना कधी सापडतो. दोन एकावर एक बसले की पहिला दुरुस्त करूनही फरक पडत नाही आणि आपण बरोबर केलेल्या दुरुस्तीवरच शंका घेऊ लागतो. नाना म्हणाले, “गेलाच तो.” अब्बा घड्याळ बघू लागले.

मुलानं इंजिन उचलून प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवलं. नानांचा नियंत्रक घरगुती आहे. अर्डुइनोची पाटी, वर मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर. ग्रेग बर्मन यांनी २०१५च्या सुमारास डीसीसी प्लस प्लस म्हणून जे सुरू केलं, त्याचं हे पुढचं रूप. तयार परदेशी यंत्राच्या मानानं फार स्वस्त. त्यानं २९वा कप्पा वाचायला सांगितला, आणि इंजिन जागच्या जागी किंचित थरथरलं. मला पत्रकात वाचलेलं आठवलं, मी ते मोठ्यानं सांगितलं. डिकोडरला बोलता येत नाही. ‘यात अमुक आहे का?’ असं विचारल्यावर उत्तर ‘हो’ असेल तर तो मोटारीला जेमतेम सहा मिलिसेकंद वीज देतो. किमान ६० मिलिॲम्पियरची ती उडी नियंत्रकाला कळते. वर्गात बोट वर करावं तशी. म्हणजे थरथरणारं इंजिन जिवंत होतं.

पडद्यावर आकडा आला, ७.

मुलानं १७ आणि १८ नंबरचे कप्पेही वाचले. २०५ आणि ८९. लांब पत्ता या दोन कप्प्यांत असतो. पत्त्याला २५६नं भागायचं, भागाकारात १९२ मिळवून १७व्या कप्प्यात, बाकी १८व्या. त्यानं वहीत भागलं. ३४१७ भागिले २५६, भागाकार १३, बाकी ८९. १३ अधिक १९२, २०५. “पता तो है, सर. लिखा हुआ है.” मग ते वापरत का नाही? मी त्याला २९व्या कप्प्याचा तक्ता मराठीत वाचून दाखवला. हा कप्पा म्हणजे एक आकडा नाही, स्विचांची ओळ आहे. १चा स्विच दिशा उलटवतो. २चा वेगाच्या पायऱ्या ठरवतो. ४चा साध्या डीसीवर चालू देतो. ३२चा स्विच लांब पत्ता वापरायला सांगतो. चालू असलेल्या स्विचांची बेरीज कप्प्यात लिहिलेली असते.

तो काही वेळ बोटावर मोजत राहिला. मग म्हणाला, “पहले अड़तीस होगा. बत्तीस, चार, दो. नानाजान ने एक बढ़ाया नहीं, बत्तीस निकाल दिया.”

अगदी बरोबर. तक्त्यातले ६ आणि ७ हे छोट्या पत्त्याच्या इंजिनासाठी होते. नानांच्या इंजिनात ३८ होते, दिशा उलटवायची तर ३९ लिहायला हवे होते. ७ लिहिल्यावर ३२चा स्विच बंद झाला, इंजिन आपलं मोठं नाव बाजूला ठेवून पुन्हा ३ झालं. आणि त्या दिवशी ३ला हाक मारूनही ते उठलं नाही, कारण तोवर काळी तार सुटली होती. आता मुलानं ३ला हाक मारली. इंजिन चाललं. नानांनी खुर्चीचा हात धरला, बाकी काही नाही.

३९ लिहिले. ३४१७ला हाक मारली, ‘पुढं’ म्हटल्यावर पुढं गेलं. मला वाटलं झालं. मुलाला नाही वाटलं. इंजिन पुढं जातंय पण दिवा मागचा लागलाय, हे त्यालाच दिसलं. कारण आकड्यानं दिशा उलटवली की मोटार आणि दिवे दोन्ही उलटतात. इथं उलटी होती ती फक्त मोटार, तीही तारेमुळं. तारेची चूक आकड्यानं झाकली की ती दुसरीकडून डोकं वर काढते. त्यानं ३८ परत लिहिले, इंजिन उघडलं, नारिंगी आणि करडी तार अदलाबदल केली. या वेळी गन पुरेशी तापेपर्यंत थांबला. अब्बा मागं उभे होते. थांबला हे त्यांनी पाहिलं, असं मला वाटतं.

पॉलिटेक्निकचं अजून ठरलेलं नाही. अब्बा “बघू” म्हणतात, मराठीत म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द होकार की नकार हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. नाना दिवाळीपर्यंत तरी पुण्याला जात नाहीयेत. मधल्या काळात मुलाला मालगाडीसाठी गोल वळसा हवाय. गाडीनं वळून त्याच रुळावर उलट तोंडानं परत यायचं, कोळसा रिकामा करून परतल्यासारखं. यात एक पेच आहे. वळसा पुरा झाला की डावा रूळ उजव्याला येऊन भिडतो, म्हणजे सरळ शॉर्ट. त्यासाठी वळशाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापून तो भाग वेगळा करायचा, तो सबंध गाडीपेक्षा लांब ठेवायचा, आणि गाडी आत असताना त्याची लाल-काळी उलटवायची. हे आपोआप करणारी तयार पट्टी विकत मिळते. नाना म्हणतात आता एक रुपयाही नाही. त्यामुळं मुलगा रिलेवर आलाय. अब्बांनी दुकानातल्या एका भंगार स्टॅबिलायझरमधला १२ व्होल्टचा रिले काढून दिला. मुलानं तो तपासला आणि सांगितलं की याला एकाच तारेची अदलाबदल करता येते, दोन्ही रूळ उलटवायचे तर असे दोन लागतील. दुसरा स्टॅबिलायझर गिऱ्हाइकाचा आहे.